नको ते गळत जातं

१

नूतन प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होती, तेही पहिल्या वर्गात, आणि नवागामच्या त्या गल्लीत हे कोणी विसरू नये याची ती पुरेपूर काळजी घेत असे. दारावरच्या पाटीवर तिचं नाव पदवीसकट रंगवलेलं होतं. खाली 'विज्ञान व गणिताचे वर्ग' असं होतं. नवऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. जागा होती, पण नूतनच्या मते त्या नावाने पाटीची कळा गेली असती.

नवऱ्याचं नाव मगन. लग्न ठरवताना मध्यस्थाने मुलगा सुरतेला कापडाच्या कंपनीत सुपरवायझर आहे असं सांगितलं होतं. तो उधन्याच्या एका कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवतो, आठ लूमच्या मधल्या बोळात बारा तास येरझाऱ्या घालतो, हे अंगावरची हळद निघायच्या आत कळलं. अमळनेरहून एवढं शिकून यायचं आणि पडायचं कोणाच्या गळ्यात, तर याच्या. नऊ वर्षं झाली तरी हे तिच्या घशाखाली उतरलं नव्हतं, आणि उतरावं असं तिला वाटतही नव्हतं. तुच्छ मानायला घरात कोणीतरी असलं की आपली उंची कळते. नूतनला ती रोज कळत होती.

घर दोन खोल्यांचं, एकीमागे एक. पुढच्या खोलीत सासूची, मालतीबाईंची, खाट, ओटा-शेगडी आणि नूतनचा फळा. मागच्या खोलीत एक गादी. मागच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची, म्हणून तिच्यावर छपाई चुकलेल्या एका जांभळ्या साडीचा पडदा कायमचा ठोकलेला. मागच्या बोळात उघडणाऱ्या दारालाही त्याच साडीचा अर्धा तुकडा. भर दुपारी त्या खोलीत सगळं जांभळं दिसे.

दोन वर्षांपूर्वी तिने मगनला कायमची रात्रपाळी मागून घ्यायला लावली होती. तेव्हापासून संसार घड्याळासारखा चालला होता. पावणेसातला ती शाळेत जाई, साडेसातला तो येई. दीडला ती परते, तेव्हा तो चादर ओढून झोपलेला असे. सहाला पुढच्या खोलीत शिकवणीची मुलं बसत आणि तो मागच्या दाराने कामावर जाई. मग ती गादी तिची. तिची सुट्टी रविवारी, कारखान्याची सोमवारी. एकाच गादीवर दोघं आळीपाळीने झोपत आणि एकमेकांना जागं असं फारसं बघत नसत. नूतनला ही व्यवस्था फार सोयीची वाटे.

आणखी एक सोय होती. लूमच्या खडखडाटात मगनचे कान गेले होते. शेजारी भांडं पडलं तरी तो हलत नसे. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नूतनच्या लक्षात आलं की याच्यासमोर काहीही बोललं तरी चालतं. तेव्हापासून ती पुटपुटू लागली. तो जेवत असे आणि ती पोळी वाढता वाढता ओठांतल्या ओठांत म्हणे, "गिळ." तो पायताणासकट आत आला की म्हणे, "गबाळा." तो झोपला की गादीपाशी कपड्यांच्या घड्या करत ती त्याच्या एकेका गोष्टीचा समाचार घेई: तोंड उघडं टाकून झोपतो, घोरतो, ग्रीसचा वास मारतो, केसांत सुताचे तुकडे, टाचांना भेगा. आवाज निघत नसे, नुसते ओठ हलत. तेवढ्याने तिला मोकळं वाटे.

२

दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढून टाकलेला होता. मुख्याध्यापकांनी दोनदा सांगितलं की बाई, परीक्षेला नाही ते कशाला. नूतन मुद्दाम शिकवायची. मुलांना कळावं म्हणून नव्हे. आपल्याला केवढं येतं आणि ते आपण कोणासमोर वाया घालवतो आहोत, हे स्वतःलाच ऐकवायला तिला आवडत असे.

उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुट्टीनंतरच्या आठवड्यात तिने नक्कल शिकवली. पानासारखं दिसणारं फुलपाखरू, काटकीसारखा किडा, गांधीलमाशीचे पट्टे अंगावर घेऊन फिरणारी साधी निरुपद्रवी माशी. कोणी बसून हे घडवत नाही, ती म्हणाली. हजार पिलं होतात, सगळी थोडी थोडी वेगळी. पक्ष्याला जे ओळखू येतं ते तो खातो. नको ते गळत जातं, उरतं ते आपण बघतो आणि वा म्हणतो. आणि नक्कल कधीच पुरेपूर नसते. त्या माशीला दोनच पंख असतात, गांधीलमाशीला चार. पण पक्षी पंख मोजत बसत नाही. पाहणाऱ्याची नजर जिथे थांबते तिथे नक्कलही थांबते.

शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं की बाई, मग पक्ष्याला दिसत नाही ती बाजू कशी असते?

"कशीही," नूतन म्हणाली. "कोण बघतंय?"

त्या दुपारी ती घरी आली. मालतीबाई नेहमीसारख्या खाटेवर नव्हत्या, बाहेरच्या ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. नूतन मागच्या खोलीत गेली, दोरीवरचे कपडे काढून घेतले, घडी घालायला बसली, आणि पुटपुटायला तोंड उघडलं तर काय पुटपुटावं हे क्षणभर सुचेना. काहीतरी जागचं हललं होतं. मग कळलं. मगनचं तोंड मिटलेलं होतं.

ओठावर ओठ, नीट, फोटोला बसल्यासारखं. नऊ वर्षांत तिने त्याला झोपेत तोंड मिटलेलं पाहिलं नव्हतं. पण तोंड मिटणं हा काही रोग नव्हे. तिने दोन-तीन साड्यांच्या घड्या घातल्या, पुन्हा एकदा पाहिलं आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "आता कसं, माणसासारखं."

तेव्हा बोळाच्या दारावरचा जांभळा तुकडा हलला आणि पलीकडे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. वारा असेल, असं म्हणून ती उठली. वारा नव्हता.

३

पुढच्या आठवड्यात घोरणं गेलं.

मग वास गेला. ग्रीसचा, घामाचा, तंबाखूचा, सगळाच. नूतनने वाकून चादरीचा वास घेतला तर नुसत्या कापडाचा आला. मग केसांतले सुताचे तुकडे गेले. मग टाचा. त्या टाचांवर तिने नऊ वर्षांत किती तोंडसुख घेतलं होतं. आता त्या गुळगुळीत होत्या, कधी जमिनीला लागल्याच नसाव्यात अशा.

तिला आनंद झाला, हे सांगायला हवं. अखेर या माणसाला अक्कल आली, कोणा मित्राने चार शब्द सुनावले असतील, किंवा स्वतःचीच लाज वाटली असेल. स्टाफरूममध्ये तिने एकदोघींना सांगितलंही की अहो, हल्ली आमच्याकडे बरीच सुधारणा आहे. तिला वाटलं, आपल्यासारख्या बाईबरोबर राहून दगडसुद्धा थोडाफार घडणारच.

बिनसत होतं ते सासूचं. मालतीबाईंनी मागच्या खोलीत पाऊल टाकणं सोडलं होतं. घरी असल्या की ओट्यावर बसत, ऊन सरकेल तसं सरकत. सकाळी उठून भाकरी थापत, डबा भरत आणि तो घेऊन कुठेतरी जात, त्या दुपारीच परतत. नूतनने विचारलं तेव्हा देवळात जाते म्हणाल्या. देवळात डबा कशाला, हे तिने विचारलं नाही. मिसरी लावून काळे पडलेले दात, वाक्यावाक्याला 'शे' आणि 'व्हता', वर आता ही देवभक्ती. ही बाई म्हणजे नूतनच्या लेखी माणूस होता होता मध्येच थांबलेलं प्रकरण होतं.

एकच गोष्ट तिला खटके. संध्याकाळी मागच्या दाराची कडी वाजे, मगन गेला हे कळे. पूर्वी कडीनंतर सायकलचं स्टँड वाजायचं, ते हल्ली वाजत नव्हतं. आणि शिकवणी संपवून ती गादीवर टेकली की गादी गार लागे. मधला अंगाचा खड्डासुद्धा नव्हता. दहा तास जिच्यावर कोणी लोळलंय ती गादी इतकी गार कशी, असा विचार येई आणि ती तो परतवून लावी. फरशी गार, हवा गार, महिना थंडीचा. कारणं हवी तेवढी होती.

४

शेवटी तिने प्रयोग करायचं ठरवलं. शिकलेली बाई होती, शंका आली की अंगारा आणायची तिची पद्धत नव्हती. एकच गोष्ट निवडायची, एकदाच म्हणायची आणि वाट बघायची.

तिने पायाची नखं निवडली. मगनची नखं जाड, पिवळी, कडेला काळी. ती गादीच्या पायथ्याशी उभी राहिली. चादरीखालचा आकार शांत पडला होता. छातीवरची चादर वर-खाली होत होती, फार एकसारखी, लूमच्या ठेक्यात. ती ओठ हलवून म्हणाली, "ती नखं नकोत."

म्हणून झाल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं. बहिऱ्या माणसाला, तेही झोपलेल्या, तेही आवाज न काढता. कोणी पाहिलं असतं तर पदवी परत मागितली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने चादरीचं टोक उचललं.

नखं कापलेली नव्हती. नखं नव्हती. बोटं होती, दहाही, आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला नुसती कातडी होती, पोटावर असते तशी, सलग. जखम नाही, व्रण नाही. नखाची जागासुद्धा नाही.

नूतनने टोक खाली सोडलं आणि ते नीट सारखं केलं. बुरशीने नखं गळतात, हे तिने वाचलेलं होतं. डॉक्टरला दाखवायला हवं. एकदम दहा? एका दिवसात? त्याचं उत्तर तिच्या वाचनात नव्हतं. ती पाठ न फिरवता, मागे मागे चालत पुढच्या खोलीत आली आणि फळ्याला टेकून बसली. सहाला कडी वाजली. त्या दिवसापासून ती पुढच्या खोलीत चटईवर झोपू लागली. मालतीबाईंनी आपली गोधडी काढून तिला दिली.

गोधडीला मिसरीचा वास होता. नूतनने ती गळ्यापर्यंत ओढून घेतली.

५

शनिवारी दुपारी ती ओट्यावर सासूशेजारी जाऊन बसली. असं ती नऊ वर्षांत बसली नव्हती. काय विचारायचं ते तिला नीट ठाऊक नव्हतं. मगनची तब्येत बरी नाही का, एवढंच विचारलं.

मालतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "तो मना आंडोर नही शे," त्या म्हणाल्या.

माझा मुलगा नाही. भाजी संपली हे जसं सांगतात तसं त्यांनी सांगितलं. नूतनने नेहमीच्या सवयीने हे उडवून लावायला तोंड उघडलं, आणि तिला ती दहा बोटं आठवली. कशावरून म्हणता, असं तिने विचारलं. मालतीबाई म्हणाल्या की मगन दोन वर्षांचा असताना चुलीवर पडला होता, त्याच्या कानामागे चट्टा आहे. आत निजतो त्याच्या कानामागे चट्टा नाही. मग म्हणाल्या की चट्टा कुठला, कानामागे काहीच नाही.

नूतनने आठवून पाहिलं. चट्टा होता? डाव्या कानामागे की उजव्या? केसांचा भोवरा कुठे होता? भुवया कशा होत्या? घोरणं, टाचा, नखं, ग्रीस, उघडं तोंड, हे सगळं लख्ख आठवत होतं. त्यापलीकडचा माणूस तिला काही केल्या दिसेना. फुलपाखराच्या पंखावरच्या शिरा आठवून काढू शकणारी बाई, आणि नवऱ्याचा चेहरा तिला जमेना. तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रागही आला.

तुमचा मुलगा मग कुठे आहे, तिने विचारलं. मालतीबाई उठल्या, लुगडं झटकलं. "उद्या चाल मनासंगे. दखाडस तुले."

६

रविवारी सकाळी दोघी शटल रिक्षात दाटीवाटीने बसून उधन्याला गेल्या. मालतीबाईंच्या मांडीवर डबा होता. कारखान्यांच्या मागे एका पत्र्याच्या शेडवर लांबच लांब खोली होती, जिन्याखाली चुलाण पेटलेलं. अशा खोलीला मेस म्हणतात. गादीला गादी लावून पंचवीस गाद्या, आणि एका गादीला दोन माणसं: दिवसपाळीचा रात्री झोपतो, रात्रपाळीचा दिवसा. वर्षानुवर्षं एका गादीवर झोपणाऱ्या दोघांनी एकमेकांना कधी धड पाहिलेलं नसतं. लग्नाआधी मगन अशाच खोलीत सहा वर्षं राहिला होता. त्याने हे कधीतरी सांगितलं असणार, नूतनने ऐकलं नसणार.

भिंतीकडच्या गादीवर मगन झोपला होता. तोंड सताड उघडं. घोरत होता. केसांत सुताचे तुकडे, पायांना ग्रीस. खालून यंत्रांची थरथर येत होती आणि त्याची बोटं तिच्यासोबत हलत होती. उजव्या कानामागे रुपयाएवढा चुरगळलेला चट्टा होता. नूतन तिथेच खाली बसली. हा आहे, हा जिवंत आहे, एवढंच तिच्या मनात आलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. तिने त्याच्या खांद्याकडे हात नेला.

मेसचा स्वयंपाकी निंबा, मगनच्या गावचाच, जिन्यावरून डाव हातात घेऊन आला होता. त्याने तिला थांबवलं. "झोपेल मानूसले उठाडतस नही, वहिनी," तो म्हणाला. इथला हा एकच नियम होता, आणि मारामाऱ्या झाल्या तरी तो कोणी मोडत नसे.

म्हणून ती दीड तास बसून राहिली. दीड तास तिने त्याच्याकडे पाहिलं.

मगन उठला, तिला पाहून दचकला, मग डबा उघडून खाऊ लागला. मालतीबाईंनी विचारत विचारत त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं. उत्तरायणनंतर एका सकाळी तो कामावरून घरी आला तर गादीवर कोणीतरी झोपलेलं होतं, चादर डोक्यावरून ओढून. झोपलेल्याला उठवत नाहीत. तो तासभर ओट्यावर बसला, आईने दिलेला चहा प्यायला आणि मेसवर परत आला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तो दुपारी मागच्या बोळात येऊन उभा राहिला आणि पडद्याच्या फटीतून नूतन त्या झोपलेल्याकडे बघून बोलताना त्याला दिसली. आता कसं, माणसासारखं. त्यावरून मगन समजून गेला की तिला तो दुसराच आवडतो. मग त्यानेच आईला सांगितलं की तिला काही बोलू नको.

नूतनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ती तर आवाज न काढता बोलली होती, आणि आवाज असता तरी याला कुठला ऐकू येणार. तिने ते विचारलं, मोठ्याने.

मगनने घास गिळला. कारखान्यात बोलतात तसं, खोली दणाणेल एवढ्याने तो बोलला. "लूमवर कान कामना नही ऱ्हातस. आम्ही तोंड दखीसन बोलतस." मग आवाज खाली आणायचा प्रयत्न करत म्हणाला, "नऊ वरीसपाईन तुनं तोंड वाची ऱ्हायनू मी."

गिळ. गबाळा. नऊ वर्षांतला एकेक शब्द नूतनच्या डोळ्यांपुढून गेला आणि प्रत्येक शब्दासमोर पोळी खाली ठेवून क्षणभर तिच्या तोंडाकडे बघणारा हा माणूस होता. तो बघतो ते बावळट म्हणून, असं ती धरून चालली होती.

तिने मान वर केली, त्याला दिसेल असा चेहरा केला आणि आवाज न काढता, फक्त ओठांनी म्हणाली, "घरी चल."

मगनने डब्याचं झाकण लावलं, आणि तो उठला.

७

दुपारी एकला तिघं गल्लीत पोहोचले. मालतीबाई ओट्यापाशीच थांबल्या. मी मागच्या खोलीत यायची नाही, त्यांनी सांगितलं. तो काय आहे ते मला माहीत नाही, पण घरात ठेवून घेतलंस ते तू. तेव्हा तुझा कोणता ते तूच सांगायचंस, त्याच्यासमोर, एकदाच.

नूतनला ते पटलं. एवढं सोपं. आत जायचं, मगनकडे बोट करायचं आणि म्हणायचं, हा माझा. इतक्या वर्षांत तिला कोणतीच गोष्ट इतकी हवीशी वाटली नव्हती.

मागच्या खोलीत तोच जांभळा उजेड होता. गादीवरचा कुशीवर वळलेला होता, भिंतीकडे तोंड करून. पाठ तिच्याकडे. चादर खांद्यापर्यंत घसरली होती. नूतनने आजवर त्याला पाठमोरं पाहिलं नव्हतं, आणि त्या क्षणी तिला कळलं की का.

मागे काही केलेलंच नव्हतं. कानाची पाळी पुढून असायची तशी होती आणि तिच्या मागे ती संपली होती. मान, केस, मणका, काही नाही. परातीत झाकून ठेवलेल्या कणकेसारखं काहीतरी गोलसर, आणि श्वासासोबत ते वर-खाली होत होतं. ओरडावं असंही तिला सुचलं नाही. शेवटच्या बाकावरची ती मुलगी मात्र आठवली.

मागे पावलं वाजली. मगन दारात आला होता.

नूतन वळली. तो उंबऱ्यावर उभा होता, तोंड अर्धवट उघडं, डोक्यात सूत, आणि पायांत पायताण, ग्रीसने माखलेलं. पुढच्या खोलीच्या पुसलेल्या फरशीवर दारापासून इथपर्यंत काळे ठसे उठले होते. तिला म्हणायचं होतं, हा माझा. ते तिच्या मनात तयार होतं, जिभेवर होतं. पण नजर आधी ठशांवर गेली, आणि ओठ आपले आपण, नऊ वर्षांच्या सवयीने, हलले.

गबाळा.

आवाज नव्हता. अर्ध्या क्षणाचं काम. मगनच्या डोळ्यांनी ते उचललं.

तो रागावला नाही. त्याने मान हलवली, हिशोब जुळल्यावर हलवतात तशी, आणि मागे फिरला. नूतन नाही, नाही म्हणत त्याच्यामागे धावली, मोठ्याने, पण त्याची पाठ होती आणि पाठीला ऐकू येत नव्हतं. ओट्यावर मालतीबाईंनी मुलाचा चेहरा पाहिला. त्यांनी पुढच्या खोलीत येऊन आपलं गाठोडं बांधलं, मिसरीची डबी त्यात टाकली.

"मी मना आंडोरकडे जास," त्या म्हणाल्या.

नूतन दारात उभी राहिली. मायलेक गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनासे झाले. मागे धावत जाऊन त्याच्यासमोर उभं राहावं, असं तिला वाटलं. पण समोर उभं राहिल्यावर आपलं तोंड काय म्हणेल, याचा तिला आता भरवसा नव्हता.

८

ती मागच्या खोलीत परतली तेव्हा ते उठून बसलेलं होतं.

भिंतीला टेकून, पुढची बाजू तिच्याकडे. चादर मांडीवर नीट घडी घातलेली. नूतनने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला दिसलं की आता नाव ठेवायला काही उरलेलं नाही. केस नीट, ओठ नीट, वास नाही, आवाज नाही. तिने जे जे नको म्हटलं ते सगळं गेलं होतं. त्याचे डोळे तिच्या डोळ्यांकडे नव्हते. थोडे खाली, तिच्या तोंडावर होते. आणखी काही सांगायचं आहे का, याची ते वाट बघत होतं.

तिने ओठ घट्ट मिटून घेतले. दोन मिनिटं गेली असतील. बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

मग त्याचे ओठ हलू लागले.

आवाज नाही. बारीक, भरभर, न थांबता. कपड्यांच्या घड्या घालत असताना एखादी बाई पुटपुटते तसे. नूतनला ती हालचाल ओळखू आली, कारण ती तिचीच होती. पण शब्द एकही कळेना. ती लूमवर नव्हती. ओठ वाचायला तिला कोणी शिकवलं नव्हतं.

काय, तिने विचारलं. काय नको? ओठ चालूच.

तिने हात केसांवरून फिरवला. केस विस्कटले होते, रिक्षातले. तिने खिळ्यावरची फणी घेतली, केस सोडले आणि घट्ट विंचरून बांधले. ओठ थांबले नाहीत. तिने कपाळाची टिकली काढून आरशाला लावली. गळ्यातली माळ काढली. साडीच्या काठाला उधन्याची धूळ होती, ती झटकली, मग ओल्या फडक्याने पुसली. खिडकीतलं नेलकटर घेऊन तिने हाताची नखं कापली, रक्त येईपर्यंत, आणि दोन्ही हात पुढे करून दाखवले. त्याने हातांकडे पाहिलंसुद्धा नाही. आपण प्रथम वर्गात उत्तीर्ण झालेल्या आहोत, हे सांगावं असं तिला एकदा वाटून गेलं.

शेवटी तिला हुंदका आला. गल्लीत ऐकू जाईल म्हणून तिने झटकन तळहात तोंडावर दाबला.

ओठ थांबले.

नूतनने सावकाश तळहात काढला. ओठ पुन्हा हलू लागले, तितकेच भरभर. बाहेर चपलांचे आवाज आले, सहा वाजत आले होते, रविवारच्या जादा तासाची मुलं यायला लागली होती. एकाने बाई म्हणून हाक मारली. ओ द्यायची होती.

तिने तळहात पुन्हा तोंडावर ठेवला, आणि तसाच ठेवला.